एका शेतात अनेक प्रश्न

इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड येथील कृषी संशोधन केंद्रात १९१० च्या हंगामात गव्हाच्या सुमारे एक एकर पिकाची कापणी एका विशेष रीतीने करण्यात आली. उभ्या पिकाचे एकसारख्या आकाराचे ५०० वाफे आखण्यात आले आणि प्रत्येक वाफ्यातील धान्य वेगळे मळून वेगळे तोलण्यात आले. सर्व वाफ्यांत बियाणे एकच होते, खत एकच होते, मशागतही एकच होती. पीक दिसायलाही सारखे होते. तरीसुद्धा सर्वांत कमी उत्पन्नाच्या वाफ्यात २.७३ पौंड धान्य निघाले आणि सर्वांत जास्त उत्पन्नाच्या वाफ्यात ५.१६ पौंड. मर्सर आणि हॉल या संशोधकांनी हे आकडे १९११ साली प्रसिद्ध केले.

या आकड्यांचा अर्थ गंभीर होता. समजा, यांतील एका वाफ्याला एखादे नवे खत घातले असते आणि त्याचे उत्पन्न शेजारच्या वाफ्याच्या दीडपट भरले असते, तर संशोधकाने खताची शिफारस केली असती. पण तेवढा फरक जमीन स्वतःहूनच दाखवीत होती. खताचा गुण कोणता आणि जमिनीचा लहरीपणा कोणता, हे ओळखण्याचे साधन हाती नसेल, तर प्रयोग आणि नशीब यांत भेद उरत नाही. आणि अशा शिफारशीची किंमत संशोधकाला नव्हे, तर कर्ज काढून खत विकत घेणाऱ्या शेतकऱ्याला मोजावी लागते.

हे साधन पुढील वीस-पंचवीस वर्षांत निर्माण झाले. त्याचे एक अंग म्हणजे प्रचरणाचे विश्लेषण आणि दुसरे अंग म्हणजे बहुघटकीय प्रयोग. आज औषधनिर्मिती, कारखानदारी, मानसशास्त्र, शिक्षण अशा अनेक क्षेत्रांत ही दोन्ही अंगे वापरात आहेत. त्यांचा जन्म मात्र शेतात झाला, आणि त्यांचे तर्कशास्त्र शेतातच सर्वांत स्पष्ट दिसते.

रॉथॅमस्टेडचे संचित

रॉथॅमस्टेडच्या प्रयोगांना १८४३ साली प्रारंभ झाला. जॉन बेनेट लॉज या जमीनदाराने रसायनशास्त्रज्ञ जोसेफ हेन्री गिल्बर्ट यांच्या साहाय्याने आपल्या शेतांत खतांचे दीर्घकालीन प्रयोग सुरू केले. ब्रॉडबॉक नावाच्या शेतात लांब लांब पट्टे पाडून एका पट्ट्याला शेणखत, दुसऱ्याला काहीच नाही, इतरांना निरनिराळी रासायनिक खते, अशी व्यवस्था करण्यात आली आणि वर्षामागून वर्षे तेथे गहू घेण्यात आला. या प्रयोगाने पीकपोषणाविषयी अमोल माहिती दिली. परंतु त्यात एक उणीव होती. प्रत्येक खताला एकच पट्टा दिलेला होता. दोन पट्ट्यांच्या उत्पन्नांत फरक पडला, तर त्यातील जमिनीचा वाटा किती, हे त्याच वर्षाच्या आकड्यांवरून सांगण्याचा मार्ग नव्हता.

१९१९ साली संचालक जॉन रसेल यांनी या साठलेल्या आकड्यांचा अर्थ लावण्यासाठी एका तरुण गणितज्ञाची नेमणूक केली. हे गणितज्ञ म्हणजे रोनाल्ड एल्मर फिशर. त्यांचे वय त्या वेळी २९ वर्षांचे होते. आनुवंशिकतेवरील १९१८ च्या एका निबंधात त्यांनी ‘प्रचरण’ ही संज्ञा योजली होती. सरासरीपासून प्रत्येक निरीक्षण किती दूर आहे ते पाहावे, त्या अंतरांचे वर्ग करावे आणि वर्गांची सरासरी काढावी. येणारी संख्या म्हणजे प्रचरण. आकडे जितके विखुरलेले, तितके प्रचरण मोठे.

वर्गच का करावयाचे, असा प्रश्न येथे उपस्थित होतो. सरासरीपासूनची अंतरे काही धन व काही ऋण असतात आणि त्यांची बेरीज नेहमी शून्य येते. म्हणून नुसत्या बेरजेतून काही कळत नाही. पण वर्ग करण्याचे खरे कारण याहून खोल आहे. निरनिराळ्या कारणांनी उत्पन्न होणारी विविधता जर समतोल मांडणीत गोळा केली असेल, तर वर्गांच्या बेरजेचे स्वच्छ वाटे पडतात आणि हे वाटे पुन्हा मिळविले असता मूळ बेरीज तंतोतंत येते. जमाखर्चाच्या वहीत एकूण रक्कम निरनिराळ्या खात्यांवर टाकावी, तसाच हा प्रकार आहे.

१९२३ साली फिशर आणि विनिफ्रेड मॅकेंझी यांनी बटाट्यावरील एका प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यात बटाट्याच्या १२ जाती होत्या. शेताच्या अर्ध्या भागाला शेणखत दिले होते, अर्ध्याला नाही. शिवाय प्रत्येक वाफ्यातील ओळींना पालाशाचे सल्फेट, पालाशाचे क्लोराइड किंवा यांपैकी काहीच नाही, असे तीन उपचार होते. शेतकऱ्याच्या दृष्टीने प्रश्न असा होता की, प्रत्येक जातीला तिचे स्वतःचे खत हवे की सर्व जाती एकाच खताला सारख्याच प्रतिसाद देतात? विश्लेषणाने उत्तर दिले की जातींच्या उत्पन्नांत फरक आहे, खताने फरक पडतो, परंतु खताला मिळणाऱ्या प्रतिसादात जाती एकमेकींपासून वेगळ्या असल्याचा पुरावा नाही. शेतीच्या प्रयोगावर प्रचरणाचे विश्लेषण प्रथम वापरले गेले ते येथे. त्या पहिल्या गणितात एक चूक होती. संपूर्ण वाफा आणि वाफ्यातील ओळ यांच्या तुलना सारख्याच अचूक नसतात. त्यांच्यासाठी त्रुटीचे दोन वेगळे अंदाज लागतात. १९२५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात फिशर यांनी हेच आकडे पुन्हा घेऊन ती चूक दुरुस्त केली.

तीन नियम

आकडे गोळा झाल्यावर विश्लेषण करून सर्व काही सावरता येते, हा समज फिशर यांना मान्य नव्हता. विश्लेषण किती बोलके होणार, हे पेरणीपूर्वीच ठरते. म्हणून त्यांनी प्रयोगाच्या आखणीचे तीन नियम घालून दिले.

पहिला नियम पुनरावृत्तीचा. प्रत्येक उपचार एकाहून अधिक वाफ्यांना दिला पाहिजे. एकाच उपचाराच्या दोन वाफ्यांतही जो फरक पडतो, तो उपचाराचा नव्हे. तोच जमिनीच्या व इतर अज्ञात कारणांच्या लहरीचा मापदंड होय.

दुसरा नियम खंडांचा. शेताचा एक भाग खोलगट व कसदार, दुसरा उताराचा व मुरमाड असेल, तर शेताचे असे खंड पाडावे की प्रत्येक खंडाच्या आत जमीन शक्य तितकी सारखी असावी. आणि प्रत्येक खंडात सर्व उपचार एकेकदा यावे. मग खंडाखंडांतील फरक वेगळा काढून ठेवता येतो आणि तुलना सारख्यांची सारख्यांशी होते.

तिसरा नियम सर्वांत वादग्रस्त ठरला. खंडातील कोणत्या वाफ्याला कोणता उपचार द्यावा, हे संशोधकाने ठरवू नये. ते चिठ्ठ्या टाकून ठरवावे. यालाच यादृच्छिकीकरण म्हणतात. वरवर पाहता ज्ञानी माणसाने आपला निर्णय चिठ्ठीवर सोपवावा, हे विचित्र वाटते. डब्लिनच्या गिनेस मद्यनिर्मितीशाळेतील रसायनज्ञ विल्यम गॉसेट हे ‘स्टूडंट’ या टोपणनावाने लिहीत आणि सांख्यिकीतील एका मूलभूत कसोटीचे जनक होते. त्यांचा आग्रह असा की, जमिनीचा चढउतार विचारात घेऊन केलेली समतोल मांडणी चिठ्ठ्यांपेक्षा अधिक अचूक असते. यावर फिशर यांचे उत्तर असे होते की, अशा मांडणीत तुलना कदाचित अचूक होईलही, परंतु ती किती अचूक झाली हे त्याच आकड्यांवरून प्रामाणिकपणे सांगता येणार नाही. संशोधकाच्या कळत-नकळत उत्तम वाफा लाडक्या उपचाराला जाण्याची वाट केवळ चिठ्ठीच बंद करते. हा वाद १९३७ साली गॉसेट यांच्या मृत्यूपर्यंत चालू राहिला.

सोळा वाफ्यांचा हिशेब

या पद्धतीचे स्वरूप एका काल्पनिक उदाहरणावरून स्पष्ट होईल. गव्हाला नत्र द्यावे की नाही आणि ओलिताच्या पाळ्या दोन द्याव्या की पाच, हे दोन प्रश्न आहेत. त्यांतून चार उपचार तयार होतात. शेताचे चार खंड पाडले, प्रत्येक खंडात चार वाफे आखले आणि चिठ्ठ्या टाकून उपचार वाटून दिले. एकूण वाफे १६. प्रत्येक वाफ्यातील धान्य किलोग्रॅममध्ये पुढीलप्रमाणे निघाले असे समजावे.

| उपचार | खंड १ | खंड २ | खंड ३ | खंड ४ | बेरीज | सरासरी |
|---|---|---|---|---|---|---|
| दोन पाळ्या, नत्र नाही | १३ | ९ | ९ | ९ | ४० | १० |
| दोन पाळ्या, नत्र | १२ | १२ | ११ | ९ | ४४ | ११ |
| पाच पाळ्या, नत्र नाही | १४ | ११ | ११ | १२ | ४८ | १२ |
| पाच पाळ्या, नत्र | १९ | १८ | १५ | १६ | ६८ | १७ |
| बेरीज | ५८ | ५० | ४६ | ४६ | २०० | |

सर्व वाफ्यांची सरासरी १२.५ किलोग्रॅम येते. आता कोणताही एक वाफा घ्यावा. पहिल्या खंडातील ‘दोन पाळ्या, नत्र’ या वाफ्यात १२ किलोग्रॅम धान्य निघाले. पहिल्या खंडाची सरासरी १४.५ आहे, म्हणजे कसदार जमिनीने २ किलोग्रॅमची भर घातली. या उपचाराची सरासरी ११ आहे, म्हणजे उपचारामुळे १.५ किलोग्रॅमची घट झाली. १२.५ मध्ये २ मिळवून १.५ वजा केले, तर १३ व्हावयास हवे होते. प्रत्यक्षात १२ निघाले. हा उरलेला १ किलोग्रॅमचा फरक कोणत्याही ज्ञात कारणाला लावता येत नाही. त्याला शेष किंवा प्रायोगिक त्रुटी म्हणतात. त्रुटी म्हणजे कोणाची चूक नव्हे. उंदराने खाल्लेली लोंबी, दगडाळ ठिगळ, बियाण्याचा कमीअधिक जोम, अशा असंख्य लहान कारणांची ती एकत्रित जमा आहे.

सोळाही वाफ्यांसाठी असेच केले आणि प्रत्येक वाट्याचे वर्ग करून बेरजा घेतल्या, तर एकूण विविधतेची वर्गांची बेरीज १५० येते. तीपैकी खंडांचा वाटा २४, उपचारांचा ११६ आणि शेषाचा १० भरतो. तिन्ही मिळून बरोबर १५० होतात. हिशेबात काही गळत नाही.

परंतु ११६ आणि १० यांची सरळ तुलना करणे न्याय्य नाही, कारण दोन्ही बेरजा सारख्याच संख्येच्या स्वतंत्र फरकांतून आलेल्या नाहीत. सोळा आकड्यांची सरासरी ठरली की पंधराच आकडे मोकळे राहतात. सोळावा आपोआप ठरतो. या मोकळेपणाला मुक्तता-मात्रा म्हणतात. पंधरांपैकी तीन मात्रा चार खंडांच्या, तीन चार उपचारांच्या आणि उरलेल्या नऊ शेषाच्या. शेषाच्या १० ला ९ ने भागले असता १.११ येते. हा या शेताच्या लहरीपणाचा मापदंड होय. उपचारांच्या ११६ चेही आता वाटे करता येतात.

नत्र दिलेल्या आठ वाफ्यांची बेरीज ११२, न दिलेल्या आठांची ८८. फरक २४, त्याचा वर्ग १६ ने भागला असता ३६ येतात. पाच पाळ्यांच्या आठ वाफ्यांची बेरीज ११६, दोन पाळ्यांच्या आठांची ८४. फरक ३२, याच रीतीने ६४ येतात. ३६ आणि ६४ मिळून १०० झाले. मग ११६ पैकी १६ कोठे गेले? या उरलेल्या १६ मध्येच या प्रयोगाचा सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष दडलेला आहे.

दोन पाळ्यांच्या शेतात नत्राने उत्पन्न १० वरून ११ वर, म्हणजे केवळ १ किलोग्रॅमने वाढविले. पाच पाळ्यांच्या शेतात त्याच नत्राने ते १२ वरून १७ वर, म्हणजे ५ किलोग्रॅमने वाढविले. नत्राचा परिणाम पाण्यावर अवलंबून आहे. या अवलंबनाला परस्परक्रिया म्हणतात आणि तिचे माप १६ आहे.

हे तिन्ही वाटे प्रत्येकी एकेका मुक्तता-मात्रेचे आहेत. त्यांना शेषाच्या १.११ ने भागले असता नत्रासाठी ३२.४, पाण्यासाठी ५७.६ आणि परस्परक्रियेसाठी १४.४ अशी गुणोत्तरे मिळतात. अमेरिकेतील आयोवा येथील सांख्यिक जॉर्ज स्नेडेकर यांनी या गुणोत्तराला फिशर यांच्या नावाचे आद्याक्षर दिले. उपचारांचा काहीही परिणाम नसता, तर हे गुणोत्तर एकाच्या आसपास राहिले असते. एक आणि नऊ मुक्तता-मात्रांसाठी ते निव्वळ योगायोगाने ५.१२ च्या वर जाण्याची संभाव्यता विसात एक, आणि १०.५६ च्या वर जाण्याची शंभरात एक असते. तेव्हा तिन्ही परिणाम केवळ योगायोगाचे मानणे कठीण आहे. अशा फरकांना ‘सार्थ’ म्हणण्याचा प्रघात आहे.

खंड पाडल्याचे फळही येथे दिसते. खंडांचे २४ वेगळे काढले नसते, तर ते शेषात मिसळून शेष ३४ झाला असता. बारा मुक्तता-मात्रांनी भागून मापदंड २.८३ आला असता आणि परस्परक्रियेचे गुणोत्तर १४.४ ऐवजी ५.६५ भरले असते. खरा परिणाम जमिनीच्या गोंगाटात बुडण्याच्या बेतात आला असता.

एका वेळी एकच प्रश्न?

शास्त्रीय प्रयोगात इतर सर्व गोष्टी स्थिर ठेवून एकच गोष्ट बदलावी, असे शाळेपासून शिकविले जाते. १९२६ साली लिहिलेल्या एका लेखात फिशर यांनी या समजुतीलाच आव्हान दिले. निसर्गाला एका वेळी एकच प्रश्न विचारावा, हे मत त्यांना पूर्णपणे चुकीचे वाटत होते. नीट विचारपूर्वक तयार केलेल्या प्रश्नावलीला निसर्ग उत्तम उत्तर देतो. एकटाच प्रश्न विचारला, तर दुसऱ्या एखाद्या विषयाची चर्चा होईपर्यंत तो बहुधा उत्तर नाकारतो, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता.

वरच्या उदाहरणात हा मुद्दा ताडून पाहता येतो. एका संशोधकाने जुन्या रीतीने आधी नत्राचाच प्रश्न घेतला आणि नेहमीप्रमाणे दोन पाळ्या पाणी दिले. त्याला १० आणि ११ असे आकडे मिळाले. एवढा फरक जमिनीच्या लहरीत मावतो, म्हणून त्याने नत्र निरुपयोगी ठरविले. पुढील वर्षी नत्राशिवाय पाण्याचा प्रयोग केला. उत्पन्न १० वरून १२ वर गेले. त्याने जास्त पाण्याची शिफारस केली आणि विषय संपविला. १७ किलोग्रॅमचा वाफा त्याच्या शेतात कधी उगवलाच नाही. त्याचे प्रत्येक पाऊल तर्काला धरून होते. तरी तो चुकीच्या ठिकाणी पोचला.

ज्या प्रयोगात प्रत्येक घटकाची प्रत्येक पातळी इतर घटकांच्या प्रत्येक पातळीबरोबर येते, त्याला बहुघटकीय प्रयोग म्हणतात. त्याचे दोन लाभ आहेत. पहिला लाभ काटकसरीचा. सोळा वाफ्यांपैकी प्रत्येक वाफा नत्राच्या प्रश्नालाही उत्तर देतो आणि पाण्याच्याही; दोन्ही तुलना आठास आठ अशा होतात. वेगवेगळे प्रयोग करून एवढीच अचूकता हवी असती, तर दुप्पट वाफे लागले असते. दुसरा लाभ परस्परक्रियेचा. ती पाहण्याचा दुसरा कोणताही मार्ग नाही.

परस्परक्रिया मोठी असेल, तेव्हा सरासरीपासून सावध राहावे लागते. वरील प्रयोगात नत्राचा सरासरी लाभ ३ किलोग्रॅम आहे. पण हा लाभ कोणत्याच शेतकऱ्याला मिळत नाही. ज्याच्या विहिरीला पाणी आहे, त्याला ५ किलोग्रॅम मिळतात; ज्याच्याकडे नाही, त्याला १ मिळतो आणि खताचे पैसे कदाचित अंगावर येतात. ‘नत्राने ३ किलोग्रॅम वाढ होते’ हे विधान गणिताने बरोबर असूनही सल्ला म्हणून घातक ठरते.

वाफे वाढू लागले की

घटक वाढले की उपचारांची संख्या झपाट्याने वाढते. प्रत्येकी दोन पातळ्यांचे तीन घटक घेतले तर ८ उपचार, पाच घेतले तर ३२. बत्तीस वाफ्यांचा खंड इतका पसरतो की त्याच्या आतील जमीन सारखी राहत नाही आणि खंड पाडण्याचा हेतूच विफल होतो. १९३१ साली रॉथॅमस्टेडला आलेले फ्रँक येट्स यांनी या अडचणीवरील उपाय पद्धतशीरपणे विकसित केले आणि १९३७ च्या पुस्तिकेत ते मांडले. मोठ्या खंडाचे लहान तुकडे करावे. मात्र ते अशा रीतीने की खंडांच्या फरकात मिसळून जाईल ती चार-पाच घटकांमधील एकत्रित परस्परक्रिया असावी, जिचे व्यवहारात फारसे महत्त्व नसते. मुख्य परिणाम आणि दोन घटकांतील परस्परक्रिया शाबूत राहतात. या युक्तीला संमिश्रण म्हणता येईल. जे गमवायचे ते आधीच विचार करून निवडायचे, हे तिचे मर्म आहे. १९४५ साली डेव्हिड फिनी यांनी पुढचे पाऊल टाकले आणि सर्व उपचारांऐवजी त्यांतील एक काळजीपूर्वक निवडलेला अंशच पेरून काम कसे भागवावे, हे दाखविले. कारखान्यांतील प्रयोगांत ही अंशात्मक पद्धत पुढे फार उपयोगी ठरली.

दुसरी अडचण अवजारांची असते. नत्र लहान वाफ्यालाही घालता येते. पाण्याच्या पाळ्या मात्र लहान वाफ्यात बदलणे अवघड, कारण बांधातून पाणी झिरपते. अशा वेळी पाण्यासाठी मोठे वाफे आणि त्यांच्या आत नत्रासाठी लहान उपवाफे पाडतात. मोठ्या वाफ्यांची तुलना कमी अचूक आणि उपवाफ्यांची अधिक अचूक असते. म्हणून दोन्हींचा मापदंड वेगळा काढावा लागतो. बटाट्याच्या त्या पहिल्या प्रयोगात निसटलेला मुद्दा हाच होता.

भारतातील कार्य

भारतात या विचारांचे स्वागत लवकर झाले. कलकत्त्यात प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी डिसेंबर १९३१ मध्ये भारतीय सांख्यिकी संस्थेची स्थापना केली. तिच्या निमंत्रणावरून फिशर १९३७-३८ च्या हिवाळ्यात भारतात आले आणि जानेवारी १९३८ मध्ये कलकत्त्यास भरलेल्या पहिल्या भारतीय सांख्यिकी परिषदेचे अध्यक्ष झाले. प्रयोग संपल्यावर सांख्यिकाला बोलावणे म्हणजे बहुधा त्याला शवपरीक्षा करावयास सांगणे होय. प्रयोग कशाने मेला एवढे तो फार तर सांगू शकेल, हा त्यांचा पुढे प्रसिद्ध झालेला विचार याच परिषदेतील अध्यक्षीय भाषणातला. कलकत्त्याच्या संस्थेत राजचंद्र बोस यांनी सांत भूमितीचा उपयोग करून बहुघटकीय प्रयोगांच्या रचनेला नवा गणिती पाया दिला; बोस आणि के. किशन यांचा या विषयावरील निबंध १९४० साली प्रसिद्ध झाला.

दिल्लीला भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या सांख्यिकी विभागात पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी शेतीच्या प्रयोगांना शिस्त लावली. सुखात्मे यांचा जन्म १९११ साली सातारा जिल्ह्यातील बुध या गावी झाला. इंदूर येथे कापसावर संशोधन केलेले विनायक गोविंद पानसे आणि सुखात्मे यांनी मिळून लिहिलेला, कृषी कार्यकर्त्यांसाठीच्या सांख्यिकी पद्धतींवरील इंग्रजी ग्रंथ १९५४ साली परिषदेने प्रसिद्ध केला. कृषी महाविद्यालयांतून विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्या प्रचरणाचे विश्लेषण याच ग्रंथातून शिकल्या.

या काळात एक मूलभूत प्रश्न पुढे आला. संशोधन केंद्राची जमीन राखलेली, मशागत वेळेवर, पाणी खात्रीचे. तेथे सार्थ ठरलेला परिणाम सामान्य शेतकऱ्याच्या शेतात टिकेल काय? हा प्रश्नही वस्तुतः परस्परक्रियेचाच होता. फक्त येथे घटक होता शेत. ए. बी. स्टुअर्ट यांनी १९४७ च्या अहवालात शेतकऱ्यांच्या शेतांवरच खतांचे साधे प्रयोग करावे, अशी शिफारस केली. त्यानुसार पुढील दशकात गावे आणि शेते नमुना पद्धतीने निवडून, प्रत्येक शेतात थोडेच वाफे ठेवून, देशाच्या अनेक भागांत असे प्रयोग करण्यात आले. एका केंद्रातील अनेक पुनरावृत्तींऐवजी अनेक शेतांतील एकेक पुनरावृत्ती, असे त्यांचे स्वरूप होते.

परस्परक्रियेचे सर्वांत ठळक उदाहरण १९६० नंतरच्या गव्हाने दिले. भारतातील जुन्या उंच जातींना नत्र अधिक दिले, तर ताटे उंच वाढत, ओंबी जड होई आणि पीक लोळे. त्यामुळे अधिक नत्राचा लाभ नाहीसा होई. नॉर्मन बोरलॉग यांनी मेक्सिकोत विकसित केलेल्या बुटक्या जातींची ताटे आखूड व ताठ होती. त्यांना तेच नत्र मानवले. जात बदलली आणि खताचा अर्थच बदलला. परंतु बुटकी जात जुन्या रीतीने घेतली, तर तीही फळत नसे. तिचा कोंब जमिनीतून वर आणणारे आवरण आखूड असल्याने पेरणी उथळ करावी लागे. आणि मुकुटमुळे फुटण्याच्या वेळी, म्हणजे पेरणीनंतर सुमारे तीन आठवड्यांनी, पहिले पाणी मिळणे अगत्याचे होते. जात, नत्र, पाणी आणि पेरणीची खोली हे चार घटक एकमेकांत गुंतलेले होते. एकेक घटक सुटा तपासला असता, तर प्रत्येकाचा लाभ किरकोळच दिसला असता. भारताने १९६५ साली मेक्सिकोतून २५० टन आणि १९६६ साली १८,००० टन बियाणे आणले. शेतकऱ्याला बियाण्याबरोबर खत, पाणी आणि पेरणी यांचा एकत्रित सल्ला द्यावा लागला, त्यामागे हेच कारण होते. आणि ज्याच्याकडे ओलित नव्हते, त्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या वाट्याला या क्रांतीतले फारसे आले नाही, त्यामागेही हेच कारण होते.

मर्यादा

या पद्धतीला मर्यादा आहेत. निरनिराळ्या उपचारांच्या वाफ्यांतील शेष साधारण सारख्याच प्रमाणात विखुरलेला असावा आणि एका वाफ्याचा शेष दुसऱ्यावर अवलंबून नसावा, अशी गृहीते तिच्या मुळाशी आहेत. ती ढळली, तर गुणोत्तरांवर विसंबता येत नाही. सार्थ फरक म्हणजे मोठा फरक नव्हे. वाफे पुष्कळ असले, तर क्षुल्लक फरकही सार्थ ठरतो. उलटपक्षी, सार्थ फरक आढळला नाही म्हणजे फरकच नाही, असेही नव्हे. वाफे कमी असल्याने तो दिसला नसेल. विसात एक ही सीमा सोयीसाठी मानलेली आहे. ती निसर्गाने आखलेली रेषा नव्हे. आणि खताची किंमत व धान्याचा भाव यांविषयी हे विश्लेषण काहीच बोलत नाही. तो हिशेब स्वतंत्रपणे करावा लागतो.

तरीही या पद्धतीने दिलेली शिकवण टिकाऊ आहे. कोणताही फरक मोठा की लहान हे तो एकटा पाहून ठरत नाही. जेथे काहीच केलेले नाही, तेथेही किती फरक पडतो, हे आधी ठाऊक असावे लागते. आणि एखादा उपाय चांगला की वाईट, हा प्रश्न बहुधा अपुरा असतो. तो कोणत्या परिस्थितीत, कशाच्या जोडीने आणि कोणाच्या शेतात चांगला, असे विचारले म्हणजेच तो पुरा होतो.